चार वॉटचा आवाज

“दूध राहिलं!”

सत्यजितकाकांनी कूलरमध्ये डोकं खुपसून ही घोषणा केली आणि सगळ्यांचे चेहरे पडले. बॉथेलच्या घरून निघताना तीन प्रकारच्या चटण्या गाडीत चढल्या होत्या, भडंगाचा डबा चढला होता, कॅरम चढला होता. दूध तेवढं घरच्या फ्रिजमध्ये आरामात बसून राहिलं होतं.

“काका, दूध तुम्ही घेणार होतात ना?” अनीशनं विचारलं.

“घेणारच होतो रे! पण निघायच्या वेळी रेडिओची एक वायर जरा नीट करत बसलो...”

“म्हणजे नेहमीसारखं!” वेद म्हणाला. वेद काकांचाच मुलगा, वय वर्षं बारा, त्यामुळे असं बोलायचा हक्क त्याला होता. “मागच्या ट्रिपला टेंट घरी विसरला होतात. रिमेंबर?”

शाळांना विंटर ब्रेक लागला होता. निधी, तिचा धाकटा भाऊ अनीश, त्यांचे आई-बाबा, आणि सत्यजितकाका व वेद असे सहा जण आदल्या दिवशी डोंगरात केबिन भाड्यानं घेऊन राहायला आले होते. वेदच्या आईचं, गिरिजाकाकूंचं ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. चार दिवस बर्फात हुंदडायचं असा बेत होता. पण सकाळपासून बर्फ असा काही कोसळत होता की हुंदडायला कुणी दाराबाहेरच पडेना! मोबाइलला रेंज नव्हती. कोपऱ्यातला मोडेम लाल दिवा लावून रुसून बसला होता.

“मी आणतो दूध,” निधीचा बाबा, म्हणजे संजय, पटकन उठला.

निधीच्या कपाळाला आठी पडली. एक तर बाबा स्वतः कोरा चहा पितो. दुसरं, त्यानं इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता, दाढीसुद्धा केली होती!

“बाबा, दूध आणायला चाललायस की लग्नाला?” अनीशनं विचारलं.

“गप रे!” बाबा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “दहा मिनिटांत येतो. दुकान इथंच खाली आहे.”

“रेडिओ चालू ठेव हं,” काका ओरडले. “चॅनेल चौदा!”

अंगात पातळ जॅकेट अडकवून बाबा गेला. त्याच्या गाडीचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले.

आता या रेडिओबद्दल थोडं सांगायला हवं. सत्यजितकाकांना कुठलीही वस्तू आहे तशी चालत नसे. त्यांनी मिक्सरची मोटर बदलली होती, सायकलला ट्रकचा हॉर्न लावला होता. उन्हाळ्यात त्यांना सीबी रेडिओचं वेड लागलं. ट्रकवाले एकमेकांशी बोलतात ना, तो रेडिओ. त्याला ना रेंज लागते, ना बिल येतं. गाडीच्या छतावर अँटेना लावायचा, माईकचं बटण दाबून बोलायचं, बटण सोडून ऐकायचं. काकांनी दोन संच आणले, एक स्वतःच्या गाडीत बसवला आणि एक संजयच्या.

“माझा आहे तसाच राहू दे,” संजय म्हणाला होता.

“अरे यार, चार वॉट! चार वॉटमध्ये रात्रीचा दिवासुद्धा नीट जळत नाही!” काकांनी कपाळाला हात लावला होता.

आपल्या गाडीत मात्र काकांनी हात आखडता घेतला नाही. सीटखाली तीनशे वॉटचा अँप्लिफायर ठोकला. आवाज घुमवणारा माईक आणला. असा अँप्लिफायर लावणं कायद्यात बसत नाही, हे वेदनं दोनदा सांगून पाहिलं. “कोण बघतंय?” असं म्हणून काकांनी स्वतःचं नावही ठरवून टाकलं. या रेडिओवर जो तो टोपणनावानं बोलतो. काकांचं नाव होतं, सह्याद्रीचा वाघ!

दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली. मग तास झाला. आईनं खिडकीपाशी चौथ्यांदा जाऊन पाहिलं.

“येईल गं शरयू, दुकानात रांग असेल,” काका म्हणाले. पण तेही जॅकेट चढवून बाहेर गाडीकडे निघाले, आणि तिघं पोरं त्यांच्या मागे.

तासाभरात बाबाच्या चाकांच्या खुणा बुजल्या होत्या आणि काकांची गाडी गुडघाभर बर्फात उभी होती. काकांनी रेडिओ लावला, माईक तोंडाशी धरला. “सह्याद्रीचा वाघ कॉलिंग! संजय, कम इन! ओव्हर!”

खर्रर्र.

“संजय, ऐकतोयस का? ओव्हर!”

खर्रर्र. काकांनी ट्रकवाल्यांच्या एकोणीस नंबरवरही हाका मारल्या. तिथंही तीच खरखर. त्यांनी रेडिओ पुन्हा चौदावर आणून ठेवला.

“त्यानं सेट बंद केलेला दिसतोय,” काकांनी निकाल दिला. “आपण रस्ता मोकळा करू. गाडी निघाली की दुकानापर्यंत जाऊन बघून येऊ. आणि हे बघा, कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही! माझं सगळं ट्यूनिंग बिघडेल.”

काका आणि आई फावडी घेऊन फाटकाकडे गेले. पोरं गाडीतच बसली. बाहेरची थंडी आत शिरत होती, काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

“दुकानात रांग! इथं माणसं तरी आहेत का रांग लावायला?” अनीश पुटपुटला.

तेवढ्यात खरखरीत एक आवाज आला. अगदी बारीक.

“...संजय बोलतोय... गाडी घसरली... पाय अडकलाय... कुणी ऐकतंय का?”

“बाबा!” निधी आणि अनीश एकदमच ओरडले. वेद दार उघडून बाहेर धावला. “डॅडी! लवकर या! संजयकाकांचा आवाज आलाय!”

काका धापा टाकत आले. मागोमाग आई आली. काकांनी माईक हिसकावला. “संजय! आम्ही ऐकतोय! कुठे आहेस तू? ओव्हर!”

“...हॅलो... कुणी आहे का?”

“आहोत! आहोत ना! कुठे आहेस?”

“...कुणीच नाही वाटतं...”

काकांनी घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. बाबाला त्यातलं अक्षर ऐकू जात नव्हतं. तो एकटाच विचारत होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी थोडा हळू.

“त्याचा रिसीव्हर गेला!” काका म्हणाले.

“काका, आपलाच सेट बोलत नसेल तर?” निधीनं विचारलं.

“माझा? अगं, या सेटचा आवाज शेजारच्या आयडाहो राज्यापर्यंत जातो!”

“आयडाहोत कुणी ऐकलाय?” अनीशनं विचारलं.

आईनं फावडं उचललं आणि ती पुन्हा फाटकाशी जाऊन बर्फ उपसू लागली. ती इतक्या जोरात उपसत होती की बघवत नव्हतं. एक फावडं बर्फ बाजूला टाकला की वरून दोन फावडी पडत होता.

“रस्ता काही मोकळा होत नाही,” वेद हळूच म्हणाला. मग त्यानं नाक वर केलं. “तुम्हाला वास येतोय का?”

“कसला?”

“जळका. प्लास्टिक जळल्याचा.” तो वाकून सीटखाली हुंगू लागला. “इथून येतोय. अँप्लिफायरमधून! निधी, तू म्हणतेस ते बरोबर असणार. बघ, आपण ऐकतो तेव्हा आवाज अँटेनातून थेट रेडिओत येतो. अँप्लिफायर मध्ये पडत नाही. पण आपण बोलतो तेव्हा तो मध्ये येतो. तोच जळला असेल तर आपलं बोलणं या डब्यातच मरतंय.”

“मग काढ तो डबा!”

“डॅडी काढू देतील?”

काका दर पाच मिनिटांनी येऊन माईकमध्ये ओरडून जात होते. त्यांच्यासमोर अँप्लिफायरला हात लावणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं!

“त्यांना थोडा वेळ घरात अडकवायला हवं,” निधी म्हणाली.

“सोप्पं आहे!” अनीश गाडीतून उतरला. तो केबिनच्या पायरीवर गेला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, “काकाऽऽ! मोडेमचा दिवा हिरवा झालाय!”

काकांनी फावडं टाकलं आणि ते बर्फातून असे धावले की बघत राहावं. इंटरनेट आलं म्हणजे फोन लागला, फोन लागला म्हणजे मदत आली! ते एकदा मोडेमसमोर बसले की वायरी काढून घालून बघितल्याशिवाय उठणार नाहीत, हे घरातलं लहान मूलही जाणून होतं.

“खोटं बोललास,” निधी म्हणाली.

“नंतर सॉरी म्हणतो,” अनीश म्हणाला. तो पुन्हा गाडीत शिरला.

वेदनं सीटखालून डबा ओढला. त्याच्या मागच्या दोन वायरी फिरवून काढल्या. अँटेनाची वायर थेट रेडिओच्या पाठीत बसवली. मधला डबा बाद, सरळ बाहेर बर्फात! आता राहिले होते ते कंपनीनं दिलेले चार वॉट.

निधीनं माईक घेतला. “बाबा! मी निधी! ऐकतोयस का?”

खर्रर्र.

“बाबा, प्लीज!”

काहीच नाही. आणि मग बाबाचा आवाज आला. या वेळी तो हाका मारत नव्हता. अगदी शांत बोलत होता, शेजारी कुणी बसलं असावं तसा.

“शरयू, तू ऐकत नाहीयेस हे मला माहीत आहे. म्हणूनच बोलायला जमतंय. माझी नोकरी गेली गं. दिवाळीनंतर लगेच. मी रोज बॅग घेऊन निघतो आणि लायब्ररीत जाऊन बसतो.”

निधीचा हात माईकवर तसाच राहिला.

“आज इंटरव्ह्यू होता. शेवटचा राउंड. रेंज मिळावी म्हणून वर आलो... फोन लागलाच नाही. परत फिरताना घसरलो. नोकरी नाही, म्हणजे जानेवारीत व्हिसा संपतो. मग सगळं गुंडाळून परत मायदेशी जायचं. पोरांना कसं सांगू? अनीशला तर आपलं नागपूर फक्त सुट्टीतलं माहीत...” मध्ये खरखर वाढली. “...गाडीचा धुराचा पाइप बर्फात आहे, धूर आत येईल म्हणून हीटर लावता येत नाही. झोप येतेय. आता हा सेट बंद करतो. कुणी नाहीच तर कशाला...”

“बंद करू नकोस!” निधी किंचाळली. “बाबा, बंद करू नको!”

टक् असा आवाज झाला आणि मग नुसती खरखर उरली.

अनीशच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. वेद खिडकीबाहेर बघत होता. दुसऱ्याच्या घरातलं असं काही कानावर पडलं की कुठे बघावं तेच कळत नाही.

“हे कुणाला सांगायचं नाही,” निधी म्हणाली.

“मी काहीच ऐकलं नाही,” वेद म्हणाला.

“जीझस, वेद, ऐकलं नसतंस तर बरं झालं असतं,” निधी म्हणाली आणि तिलाही रडू फुटलं. पण रडता रडता तिच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. रेंज! काल पोचल्यावर सगळे गाडीनं वर चक्कर मारायला गेले, तेव्हा त्यांचे फोन एकाच ठिकाणी वाजले होते. दरी बघायची जागा होती ती, लाकडी कठडा मोडलेला. तो रस्ता दुकानाकडे जात नाही. तो उलट्या बाजूला, वर जातो. “तो दुकानाच्या रस्त्यावर नाहीच! तो व्ह्यू पॉइंटला गेलाय! काका आणि आई भलतीकडेच शोधणार!”

“कुणाला तरी सांगायला हवं.”

“सांगणार कसं? हा मेला रेडिओ बोलतच नाही!”

वेदनं सीटमागच्या कप्प्यात हात घातला आणि एक सीलबंद खोका काढला. आत एक मीटर होता, मुठीएवढा. “आपण पाठवलेला आवाज अँटेनातून बाहेर जातो की उलटा परत येतो, ते यावर कळतं. डॅडींनी आणला आणि उघडलाच नाही. म्हणाले, मी कानानं ट्यून करतो.”

“कानानं!” अनीशला त्या स्थितीतही राग आला.

वेदनं मीटर रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये जोडला. माईकचं बटण दाबताच काटा उसळला आणि सरळ लाल भागाच्या टोकाला जाऊन टेकला. वेदनं घाईघाईनं बटण सोडलं.

“सगळं परत येतंय. सगळंच्या सगळं! यानंच अँप्लिफायर जळला. आणखी दोनदा बोललो तर रेडिओही जळेल.”

“मग संपलं?” अनीशनं विचारलं. “आता काहीच करता येणार नाही?”

निधी दार उघडून बाहेर पडली. टायरवर चढली आणि हातानंच छतावरचा बर्फ ढकलू लागली. हातमोजे भिजले, बोटं बधिर झाली. बर्फाखालून आधी काही तरी केशरी दिसलं. मग पिवळं.

“झेंडूची फुलं?” ती चक्रावली.

दसरा! निधीला सगळं डोळ्यासमोर आलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा करायची, तशी काकांनी ड्राइव्हवेत दणक्यात केली होती. लॅपटॉपला हळदकुंकू, गाडीला हळदकुंकू, आणि लाडक्या अँटेनाला हार! खऱ्या झेंडूची फुलं महाग आणि लगेच कोमेजतात, म्हणून इंडियन स्टोअरमधली प्लास्टिकची. हायवेवर उडून जाऊ नये म्हणून काकांनी तो हार अँटेनाला बुडापासून गच्च गुंडाळला होता आणि दुसरं टोक छतावरच्या लोखंडी दांड्याला पिळून बांधलं होतं. तेव्हापासून तो तसाच होता. पूजेचा हार कचऱ्यात टाकायचा नाही आणि वाहत्या पाण्यात सोडायला वेळ नाही!

“वेद! ही फुलं कशात ओवलीत बघ!”

वेद चढला. त्यानं एक फूल बाजूला केलं. आत बारीक लोखंडी तार होती.

“ओ माय गॉड! तार! अँटेना या तारेनं गाडीच्या पत्र्याला जोडला गेलाय! आवाज वर जायच्या ऐवजी पत्र्यात उतरतोय! ऐकायला थोडंसं पुरतं, म्हणून ऐकू येत होतं. पण बोलणं कसं जाणार?”

तिघांनी मिळून ती तार सोडवली. पीळ इतका पक्का होता की वेदच्या बोटातून रक्त आलं. हार खाली बर्फात पडला. वेदनं पुन्हा बटण दाबलं, आणि काटा जेमतेम हलून डाव्या कोपऱ्यात थांबला.

“गेला! आवाज गेला बाहेर!”

निधीनं माईक घेतला. “बाबा! आम्ही सगळं ऐकत होतो! रेडिओ चालू कर!”

कुणी ओ दिली नाही. देणार कोण? ज्यानं ऐकायचं त्यानंच सेट बंद केला होता. रेडिओ दुरुस्त झाला होता, आणि अर्धा तास उशीर झाला होता. निधीला वाटलं, असं दुरुस्त होण्यापेक्षा तो जळला असता तरी चाललं असतं.

“एकोणीस,” वेद म्हणाला. “ट्रकवाले. ट्राय तरी कर.”

तिनं चॅनेल बदललं आणि इंग्रजीत हाक मारली. एकदा, दोनदा. कितीदा ते तिला कळलं नाही. मग अचानक एक जाडाभरडा बायकी आवाज उमटला.

“कोण आहे गं? विहिरीतून बोलल्यासारखं येतंय. तो आवाज घुमवणारा खेळ बंद कर आधी.”

निधीनं माईकवरचं बटण शून्यावर आणलं. “मी निधी. माझा बाबा अडकलाय. आमचा फोन चालत नाही. प्लीज मदत करा!”

“आता कसं छान ऐकू येतंय. मी ग्रॅनी स्मिथ, सफरचंदाच्या जातीवरून घेतलेलं टोपणनाव. सफरचंदांचा ट्रक घेऊन हायवेवर उभी आहे, पुढे रस्ता बंद आहे. माझ्याकडे सॅटेलाइट फोन आहे. सांग, कुठे अडकलाय?”

“व्ह्यू पॉइंटच्या रस्त्याला. कठडा मोडलाय तिथून परत येताना. गाडी घसरलीय, पाय अडकलाय, हीटर बंद आहे.”

“नक्की? तो रस्ता हिवाळ्यात कुणी वापरत नाही. चुकलीस तर लोक भलतीकडे जातील, पोरी.”

“नक्की,” निधी म्हणाली.

एवढ्यात काका तरातरा आले. “मोडेम लालच आहे! कोण खोटं बोललं? आणि हे काय? माझा अँप्लिफायर बर्फात? कुणी काढला माझा...”

“निधी, ऐकतेयस ना?” रेडिओतून आवाज आला. “कळवलंय मी. बर्फ काढायची गाडी आणि रेस्क्यूवाले निघतायत. चॅनेल सोडू नकोस.”

काकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, बर्फातल्या डब्याकडे पाहिलं, मग त्या केशरी हाराकडे पाहिलं. इंजिनीयर माणूस तो, सांगावं लागलं नाही. ते गाडीच्या पायरीवर बसले.

आई धावत आली. “वर? संजय वर कशाला गेला? दुकान तर खाली आहे!”

निधी माईकची वायर सरळ करू लागली. वेद बोटाचं रक्त बघत राहिला.

मग सुरू झालं नुसतं थांबणं. डिसेंबरातला उजेड, बघता बघता गेला. ग्रॅनी स्मिथ अधूनमधून कळवत होती आणि प्रत्येक बातमी आधीच्यापेक्षा वाईट होती. वरच्या रस्त्यावर झाड पडलंय. करवत मागवलीय. करवत आली, पण वारा फार आहे. आता पायी निघालेत. मधल्या वेळात निधी चौदावर येऊन बाबाला हाका मारत होती. “बाबा, लोक येतायत. झोपू नकोस.” आपण बंद रेडिओशी बोलतोय हे तिला माहीत होतं. पण गप्प बसणं त्याहून कठीण होतं.

एकदा आईनं माईक मागितला. तिला बटण नीट दाबता येईना, अनीशनं दाबून धरलं.

“संजय,” ती म्हणाली, “नसतं आणलं दूध तरी चाललं असतं रे.” आणि तिनं माईक परत दिला.

निधीनं तोंड फिरवलं. आईला किती कमी माहीत होतं! आणि ते सांगायचं तरी कुणी?

अखेर आवाज आला. ग्रॅनी स्मिथ या वेळी हळू बोलत होती. “सापडला गं. श्वास चालू आहे. बोलत नाहीये, पण श्वास चालू आहे. खालच्या गावातल्या हॉस्पिटलात नेतायत.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अनीशनं आईच्या कुशीत डोकं घातलं. काका दोन्ही हातांत तोंड लपवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला आणि सगळे हॉस्पिटलात पोचले. बाबा शुद्धीवर होता. पाय प्लास्टरमध्ये होता. डाव्या पायाच्या दोन बोटांबद्दल डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. त्याचा चेहरा इतका लहान दिसत होता की अनीश आधी दारातच थांबला.

रेस्क्यू पथकाचा उंच, दाढीवाला प्रमुख तिथं आला होता. त्यानं तिन्ही मुलांशी मोठ्या माणसांसारखा हात मिळवला. “तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही खालचा रस्ता शोधत बसलो असतो. वर पोचायला सकाळ झाली असती. आणि सकाळी फार उशीर झाला असता. यू किड्स डिड गुड.”

“मी सांगतो, साहेब,” सत्यजितकाका पुढे झाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा दणदणीत नव्हता. “मी तीनशे वॉट लावले, घुमणारा माईक लावला, पूजासुद्धा केली. आणि माझ्याच हारानं मी गळा आवळला रेडिओचा. या पोरांनी सगळं काढून टाकलं आणि चार वॉटवर माणूस वाचवला. संजय, मला माफ कर यार. आणि पोरांनो, तुमच्यापुढे मी कान धरतो.” त्यांनी खरंच कान धरले.

“काका, मोडेमबद्दल सॉरी,” अनीश म्हणाला.

“पण एक मला कळलं नाही,” प्रमुखानं विचारलं. “तो वर गेलाय हे तुम्हाला कसं कळलं?”

सगळे निधीकडे बघू लागले.

“बाबांनीच सांगितलं,” ती म्हणाली. “रेडिओवर.”

बाबानं मान वळवली. “तुम्हाला ऐकू येत होतं?”

“हो.”

“किती?”

“सगळं.”

वेदनं काकांची बाही ओढली आणि त्यांना बाहेर नेलं. प्रमुखही समजून निघून गेला. खोलीत चौघंच राहिले.

“सगळं म्हणजे काय?” आईनं विचारलं. “कुणी मला सांगेल का?”

बाबाच्या फोनला आता रेंज होती. सकाळीच एक मेसेज येऊन पडला होता, आणि तो त्यानं वाचलेला होता हे त्याच्या चेहऱ्यावरून निधीला कळलं. ज्या जागेसाठी इंटरव्ह्यू होता, ती भरली होती.

“निधी,” बाबा म्हणाला, “अनीशला जरा बाहेर घेऊन जा.”

“नाही बाबा,” निधी म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली. अनीश तिच्या शेजारी बसला. “आम्ही इथंच आहोत. तू बोल.”

बाबानं सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून. दिवाळीनंतरची ती मीटिंग, रोजची बॅग, लायब्ररी, आणि जानेवारी. आईनं विचारलं नाही की लपवलं का, किंवा आता काय करायचं. ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर तिनं फक्त एवढंच विचारलं,

“मी रोज डबा द्यायचे. तो कुठे खायचास रे?”

“गाडीतच,” बाबा म्हणाला.

आणि मग आई रडायला लागली.